स्टेरॉइड कमी केलं की मांजराचा आजार परत येतो: गोळी वाढवण्याआधी काय तपासायचं

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजर ताटलीवर तुटून पडतं. उलट्या थांबतात, खोकला बसतो. डॉक्टर डोस उतरवायला सांगतात आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. परत पूर्ण डोस, परत उतरवणं, परत तेच. तिसऱ्या फेरीपर्यंत घरात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, ‘खातंय ना, मग आयुष्यभर देऊ’. दुसरा म्हणतो, ‘स्टेरॉइड म्हणजे विषच, आजच बंद करा’. दोन्ही निर्णय घाईचे आहेत, आणि एकदम बंद करणं तर धोक्याचंही आहे. आजार उलटण्याची कारणं मोजकीच असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांचा डोस कमी पडण्याशी काही संबंध नसतो. ती आधी एकेक करून बघायची, मग डोसला हात लावायचा.

खाली दिलेले आकडे तुमच्या पशुवैद्यकांशी नीट बोलता यावं म्हणून आहेत. त्यावरून घरच्या घरी औषध सुरू किंवा बंद करू नका.

गोळी पोटात जाते आहे का, आणि जाते ती कोणती?

पट्टीच्या मागचं घटकाचं नाव वाचा. मांजराला प्रेडनिसोलोनच हवं. परदेशी माहितीत जागोजागी दिसणारं प्रेडनिसोन मांजराच्या शरीरात नीट बदलून घेतलं जात नाही, त्यामुळे ते पुरेसं लागू पडत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या वायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल या प्रेडनिसोलोनच्याच गोळ्या आहेत, तेव्हा तिथे अडचण नाही. अडचण येते ती औषधाच्या दुकानात ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून भलतंच हातात पडतं तेव्हा. मेड्रॉल म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, तिचे ४ मिग्रॅ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. डेक्सामेथासोन तर फारच जहाल: त्याचं पाऊण मिलिग्रॅम ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं आणि मांजराची साखरही ते जास्त चढवतं.

लहान मुलांचं सिरप देत असाल तर बाटलीवरचा आकडा पुन्हा एकदा बघा. ५ मिलिमध्ये ५ मिग्रॅवालं सिरप मिळतं आणि ५ मिलिमध्ये १५ मिग्रॅवालंही. पहिली बाटली संपून दुसरी आली, सिरिंज मात्र तेवढीच भरली, तर डोस तिप्पट होतो किंवा एक तृतीयांशावर येतो. ‘अचानक बिघडलं’ आणि ‘अचानक पाणी प्यायला लागलं’ या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी कधीकधी एवढंच असतं.

गोळ्या तोडण्यातही फरक पडतो. १० मिग्रॅच्या गोळीचे चार सारखे तुकडे होत नाहीत; एक मोठा, दोन मध्यम आणि उरलेला चुरा. २.५ मिग्रॅ द्यायचं असेल तर ५ ची गोळी नव्या ब्लेडने मधल्या खाचेवर दोन भागांत करा किंवा २.५ चीच पट्टी मागवा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या पावसाळ्यात ओलावा धरून भुसभुशीत होतात, म्हणून आठवड्याभराचे तुकडे डबीत करून ठेवू नका. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशीच वापरून टाका. आणि मे महिन्यात औषधं गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नकोत.

ही गोळी चांगलीच कडू असते. जिभेला लागली की तोंडाला फेस येतो, लाळेच्या तारा लोंबतात. ती विषबाधा नव्हे, चव आहे. रिकाम्या जिलेटिनच्या छोट्या कॅप्सूलमध्ये तुकडा घालून किंवा त्याला थोडं लोणी लावून द्या आणि मागून सिरिंजने ३ ते ५ मिलि पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजा. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते. नंतर दोन मिनिटं मांजराकडे लक्ष ठेवा. ज्यांना खात्री असते की ‘रोज देतोय’, त्यांच्याच घरी कूलर हलवला की मागे तीन-चार अर्धे तुकडे निघतात.

मांजर जाडं असेल तर डोस सध्याच्या वजनावर काढायचा नसतो, त्याचं जे योग्य वजन असायला हवं त्यावर काढतात. ७ किलोच्या गुबगुबीत बोक्याला ७ किलोचा डोस दिला तर रक्तात औषध गरजेपेक्षा जास्त साचतं.

डोस उतरवताना पायऱ्या फार उंच होत्या का?

साध्या दाहासाठी दिवसाला किलोमागे अर्धा ते १ मिग्रॅ आणि प्रतिकारशक्ती दाबायची असेल तर किलोमागे साधारण २ मिग्रॅ, अशी सुरुवात असते. आजार आटोक्यात आल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी सुमारे पाव हिस्सा कमी करतात. ‘एक गोळीची अर्धी करा’ हे सांगायला सोपं असतं, पण ती एका रात्रीत ५० टक्के कपात असते. पुष्कळ मांजरं याच पायरीवर घसरतात.

४ किलोचं मांजर ७.५ मिग्रॅवर असेल तर ५, मग ३.७५, मग २.५ आणि त्यानंतर एक दिवसाआड २.५, असं खाली आणता येतं. पाऊण गोळी मोडायचा कंटाळा असेल तर एक दिवस ५ आणि एक दिवस २.५ दिलं की सरासरी तीच येते. फ्रिजवर चिकटवलेल्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर कोणी कधी काय दिलं याचा पत्ता लागत नाही.

लक्षणं उलटलीच तर लगेच शिखरावर जायची गरज नसते. ज्या शेवटच्या डोसवर मांजर ठीक होतं तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने परत या, तीन-चार आठवडे स्थिर राहू द्या आणि पुढची पायरी आणखी लहान ठेवा. दोन वेगवेगळ्या प्रयत्नांत मांजर त्याच आकड्याला अडकलं, तर ती नोंद डॉक्टरांच्या फार कामाची. आज त्या मांजराला लागणारा तळ तेवढा आहे. तो तळ परवडण्याजोगा असेल तर तिथेच राहायचं. नसेल तर जोडीला दुसरं काही द्यावं लागेल.

आजाराचं नाव नक्की झालं आहे का?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण स्टेरॉइड कशावरही थोडंफार चालतं. मांजर सुधारलं म्हणून निदान बरोबर होतं असं ठरत नाही.

जुनाट उलट्या, पातळ शी आणि घटतं वजन घ्या. आतड्याचा जुनाट दाह आणि आतड्यातला संथ गतीचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) ही दोन्ही दुखणी वयस्क मांजरात बाहेरून अगदी सारखी दिसतात. सोनोग्राफीत दोन्हींत आतड्याची भिंत जाड दिसू शकते. खात्री तुकडा काढून तपासल्यावरच होते, आणि आधी काही आठवडे स्टेरॉइड दिलेलं असेल तर तो तुकडाही फसवा येऊ शकतो. म्हणून तुकडा काढायचा की नाही ही चर्चा पहिल्या गोळीच्या आधी व्हायला हवी. नंतर ती निम्मी वाया गेलेली असते. लिम्फोमा असेल तर नुसतं प्रेडनिसोलोन थोडे दिवस चालतं आणि हळूहळू बोथट होतं. क्लोरॅम्ब्युसिल या कर्करोगावरच्या गोळीच्या जोडीने दिलं तर बरीच मांजरं दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त चांगली काढतात. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी कधीही तोडायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची आणि रक्तपेशींची तपासणी ठरल्या वेळी करायची.

दाह असेल तर आहार बदलून बघितला होता का? एकच नवीन प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनं बारीक तोडलेलं) खाद्य दोन-तीन आठवडे कडकपणे दिलं तर पोटाची बरीच मांजरं गोळीशिवाय किंवा कमी गोळीवर सावरतात. ‘कडकपणे’ याच शब्दावर सगळं अडतं. आजी सकाळी वाटीत दूध ओतते, शेजारच्या काकू गच्चीवर मासळीचं डोकं टाकतात, रविवारच्या मटणाचा तुकडा तर्रीसकट खाली पडतो. मग ‘आहाराने फरक पडला नाही’ अशी नोंद होते. तर्रीतला कांदा-लसूण तर मांजराच्या तांबड्या पेशीच फोडतो. मांजर बाहेर फिरतं असेल तर त्या तीन आठवड्यांपुरतं घरात ठेवा, नाहीतर या चाचणीला काही अर्थ नाही.

याच मांजरांत बऱ्याचदा बी१२ कमी असतं आणि ते भरून निघालं नाही तर स्टेरॉइडही पूर्ण गुण देत नाही. नेहमीचा डोस २५० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, आणि पुढे अंतर वाढवत. निव्वळ बी१२ मागा. बी१, बी६ मिसळलेली माणसांची इंजेक्शनं झोंबतात आणि त्यांत बी१२ चं प्रमाणही वेगळं असतं.

दम्याचं मांजर असेल तर नागपुरात आधी कूलरकडे बघा. मार्चमध्ये वर्षभर बंद असलेला कूलर सुरू झाला की जुन्या गवताच्या ताट्यांतली धूळ थेट खोलीत येते, आणि पावसाळ्यात त्याच ओल्या ताट्यांना बुरशी धरते. ताट्या दर मोसमात बदला, टाकी धुऊन काढा, आणि पहिल्या दिवशी मांजर दुसऱ्या खोलीत ठेवून खिडक्या उघड्या टाकून कूलर तासभर चालवा. डासांची कॉइल, लोभानाचा धूर, अगरबत्ती आणि बारीक धूळ उडणारी लिटर या यादीत येतातच. जंतावरचं औषध झालेलं असावं, कारण फुप्फुसातून जाणाऱ्या अळ्याही खोकला आणतात.

दम्यात कायमच्या गोळीला चांगला पर्याय आहे: फ्लुटिकासोन या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा पंप. सहसा १२५ मायक्रोग्रॅमचा, दिवसातून दोनदा, मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून. तो फसतो तो ठरावीक कारणांनी. पहिलं म्हणजे पंप सुरू झाला त्याच दिवशी गोळी बंद केली जाते. फ्लुटिकासोनला रंग दाखवायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर गोळी चालूच हवी. दुसरं, मास्क नाकावर दोन श्वासांपुरताच टेकवला जातो. मोजून ७ ते १० श्वास हवेत. तिसरं, स्पेसर आतून फडक्याने पुसला जातो. त्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि न पुसता हवेवर वाळवायचा. साल्ब्युटामॉलचा पंप धाप लागली तरच वापरायचा, रोजचं औषध म्हणून नाही.

तोंड आलेलं मांजर, म्हणजे हिरड्या आणि घशाची मागची बाजू लालभडक, लाळ, खाताना किंचाळणं: इथे स्टेरॉइड ही फक्त उसंत आहे. महिनोन्‌महिने चालवलं की डोस वाढत जातो आणि गुण कमी होत जातो. मागचे किंवा सगळे दात काढणं ऐकायला क्रूर वाटतं, पण बहुसंख्य मांजरांना त्यानेच खरा आराम पडतो, आणि बिनदाताची मांजरं मजेत खातात.

खाज आणि केस गळण्यासाठी गोळी चालू असेल तर पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना दर महिन्याला लागतंय ना, एवढं बघा. गोल चट्टे असतील तर गजकर्णाची तपासणी आधी. बुरशीवर स्टेरॉइड दिलं की ती अंगभर पसरते आणि घरातल्या मुलांच्या हातावरही उमटते.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात ‘भूक लागावी म्हणून’ स्टेरॉइड देणं चुकीचं आहे. स्नायू झिजतात आणि आजार तिथेच राहतो. भुकेसाठी मिर्टाझापिन आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते साधारण दर ४८ तासांनी १.८८ मिग्रॅ, म्हणजे १५ च्या गोळीचा आठवा भाग.

उलटला तो आजार की औषधाचाच त्रास?

काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर मांजराची अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी, काम थांबवते. मग गोळी एकदम बंद झाली किंवा चार दिवस चुकली की मांजर गळून जातं, खात नाही, उलट्या करतं. हे आतड्याच्या आजारासारखंच दिसतं, पण कारण वेगळं. डॉक्टरांना ‘गोळी नेमकी कधी थांबली’ हे सांगितलंत तर निम्मं काम होतं. याच कारणाने ऑपरेशन किंवा मोठं आजारपण आलं तर ‘हे स्टेरॉइडवर आहे’ हे नव्या डॉक्टरांना आधी सांगा. दुसऱ्या कोणी तापासाठी मेलॉक्सिकॅम (ताप-वेदनेवरचं औषध) दिलं असेल तर तेही सांगा. दोन्ही एकत्र झाली की जठरात व्रण पडतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. एकातून दुसऱ्यावर जाताना पाच-सात दिवसांचं अंतर ठेवतात. पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही.

मधुमेह हा मांजरांतला मोठा धोका. जास्त खाणं, तरीही वजन उतरणं, पाणी आणि लघवी वाढणं ही त्याची लक्षणं. पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर असताना कोणतं मांजर जास्त पाणी पीत नाही? म्हणून अंदाज नको, मोजा. सकाळी मापाने ५०० मिलि पाणी ठेवा. शेजारी, मांजराला पोचता येणार नाही अशा जागी तशाच वाटीत तेवढंच पाणी ठेवा. दुसऱ्या सकाळी दोन्हींत किती उरलं ते मोजा. मांजर न पोचणाऱ्या वाटीत जेवढं घटलं ते वाफेवर गेलं, तेवढं वजा करा. कूलरची टाकी, बादल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या त्या दिवशी झाकून ठेवा, नाहीतर मांजर तिथे पिऊन येतं आणि तुमचा हिशेब चुकतो. किलोमागे ५० मिलिच्या वर गेलं तर शंका घ्या; १०० च्या वर, म्हणजे ४ किलोच्या मांजराने दिवसात ४०० मिलि, तर त्याच आठवड्यात तपासणी.

रक्तातली साखर दवाखान्यात फसवते. नागपूरजवळच्या कामठीहून ऑटोत ओरडत आलेल्या निरोगी मांजराचीही साखर घाबरून २५० च्या पुढे जाऊ शकते. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन (मागच्या काही दिवसांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासायला सांगा किंवा घरच्या लघवीत पट्टी बुडवून साखर बघा. ट्रेमध्ये लिटरऐवजी धुतलेले मत्स्यटाकीचे खडे घातले की लघवी गोळा करता येते. मधुमेह लवकर पकडला, स्टेरॉइड हटवता आलं आणि इन्सुलिन वेळेवर सुरू झालं, तर अनेक मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही.

श्वासही मोजा. मांजर गाढ झोपलेलं असताना, थंड खोलीत, छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. आकडा वारंवार ३० च्या वर येत असेल तर दम्याचा झटका समजून गोळी वाढवू नका. सुप्त हृदयरोग असलेल्या मांजरात स्टेरॉइडमुळे, विशेषतः लांब टिकणाऱ्या इंजेक्शननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, छातीत पाणी भरू शकतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर थेट दवाखान्यात न्या.

त्या इंजेक्शनबद्दल इथेच. डेपो-मेड्रॉलसारखं इंजेक्शन एकदा टोचलं की काही आठवडे अंगात राहतं. साखर चढली तर परत काढता येत नाही, डोस उतरवता येत नाही. गोळी घेऊच न देणाऱ्या, गच्चीगच्चीवर फिरणाऱ्या मांजरासाठी ते कधीकधी एकमेव साधन असतं हे मान्य, पण ‘गोळीचा कंटाळा’ हे त्याचं कारण होऊ नये.

कायमचं द्यायचं की नाही

इथे मांजराचं वय आणि आजार सगळ्यात जास्त बोलतात. १५ वर्षांच्या लिम्फोमाच्या मांजराला दोन वर्षांनी मधुमेह होईल का, याची काळजी करत आज उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. ३ वर्षांच्या दम्याच्या मांजराचा हिशेब उलटा: पुढे दहा-बारा वर्षं आहेत, तेव्हा पंपाची सवय लावायला महिनाभर झगडावं लागलं तरी ते वसूल होतं. मधल्या मांजरांसाठी एक दिवसाआडचा लहान डोस, सोबत आहार, बी१२, गरज पडल्यास सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) किंवा आतड्यांसाठी ब्युडेसोनाइड (मुख्यतः आतड्यातच काम करणारं स्टेरॉइड) असा भार वाटून घेता येतो.

सुरू करण्याआधी वजन, रक्त, साखर, क्रिएटिनिन, लघवी, रक्तदाब, एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया (प्रतिकारशक्ती खच्ची करणारे मांजरांतले दोन विषाणू) यांची चाचणी, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड, आणि हृदयात आवाज असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी). यातलं जे जवळच्या दवाखान्यात होत नसेल त्यासाठी सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा. जाताना कॅलेंडरचा फोटो, सगळ्या पट्ट्या आणि आधीचे रिपोर्ट न्या.

चालू झाल्यावर वजन दर आठवड्याला, स्वयंपाकघरातल्या किंवा बाळाच्या काट्यावर. साखर आणि लघवी सुरुवातीला महिन्याने, पुढे दर तीन महिन्यांनी. लघवीत जंतुसंसर्ग लक्षणांशिवायही लपून राहतो, म्हणून नुसती पट्टी न बघता अधूनमधून कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी). कच्चं चिकन बंद. लसीची तारीख आली तर डोस किती चालू आहे ते सांगूनच टोचा. डोळा लाल झाला तर घरातले जुने थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर हर्पिस विषाणूचा व्रण असेल तर डोळा जातो. कातडी कागदासारखी पातळ वाटली, कानाच्या पाळ्या आत वळायला लागल्या, पोट लोंबून पाठीचा कणा हाताला टोचू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डोसचा पुन्हा विचार करायला जा.